आजोबांचे उतरत्या झाकणाचे डेस्क : किंमत कशी ठरते आणि विकावे कसे

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील घर रिकामे करताना माळ्यावर सापडलेल्या लहान लिहिण्याच्या डेस्काची आठ छायाचित्रे आणि मापे आपण पाठविली आहेत. रुंदी २२ इंच, खोली १५ इंच, मागची उंची ११ आणि पुढची ७ इंच. उतरते झाकण, आत तीन लहान खण, कुलूप जागेवर पण किल्ली हरवलेली. जुन्या सामानाच्या एका व्यापाऱ्याने ७,००० रुपये देऊ केले आहेत, तर आपल्या चुलतबंधूंच्या मते डेस्क राजवाड्यातले असल्यामुळे त्याचे निदान एक लाख यायला हवेत. खरी किंमत काय, विकण्यापूर्वी पॉलिश करून घ्यावे का आणि विकावे कोठे, असे आपण विचारले आहे. वडोदऱ्यात जुने लाकडी सामान दुरुस्त करणे, त्याची किंमत ठरवून देणे आणि अधूनमधून स्वतः घेऊन विकणे हा माझा अठ्ठावीस वर्षांचा व्यवसाय आहे. त्या अनुभवावरून, छायाचित्रांत जेवढे दिसते तेवढ्यापुरते, सविस्तर लिहितो.

पॉलिशचे आधी लिहितो, कारण बाकीच्या चुका निस्तरता येतात, ही येत नाही. पॉलिश करून घेऊ नये. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात मी एक शिसवी डेस्क घेतले, यंत्राने घासून काढले, त्यावर मेलामाइनचा चकचकीत थर चढविला आणि दुकानाच्या दर्शनी भागात मांडले. मुंबईहून आलेल्या गिऱ्हाइकाने ते उलटे केले, तळाचे काळपट लाकूड आणि वरचा गुळगुळीत तांबूसपणा यांकडे एकवार पाहिले, आणि शेजारचे धुळीने भरलेले, एक खण नसलेले डेस्क जास्त पैसे देऊन नेले. माझे डेस्क पुढे अकरा महिने तिथेच होते.

कारण असे की जुन्या लाकडाचा वरचा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा थर प्रकाशाने, हवेने, हाताच्या घामाने आणि दिव्याच्या काजळीने जो रंग धरतो, तो कोणत्याही डब्यात विकत मिळत नाही, आणि घासकागदाचे दोन हात फिरले की तो कायमचा जातो; धारेवरची मनगटांनी झालेली झीज सपाट होते, कोपरे पुन्हा टोकदार होतात आणि डेस्क कालपरवा सुताराकडून आणल्यासारखे दिसू लागते. आपल्या डेस्कावर बहुधा चपड्याचे, म्हणजे लाखेचे, जुने पॉलिश आहे. खात्री करायची असल्यास झाकणाच्या आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात कापसाच्या बोळ्याने स्पिरिटचा एक थेंब लावावा. चपडा असेल तर जागा चिकट होईल आणि बोळ्याला तपकिरी रंग येईल, अलीकडचे मेलामाइन किंवा पी.यू. (पॉलियुरेथेन) असेल तर काहीच होणार नाही. स्वच्छतेसाठी मऊ ब्रशने धूळ काढावी, घट्ट पिळलेल्या सुती फडक्याने एकदा पुसावे, लगेच कोरडे करावे आणि फार तर मधमाश्यांच्या मेणाचा पातळ हात द्यावा. खोबरेल किंवा जवसाचे तेल अजिबात लावू नये. चार दिवस छान दिसते, नंतर त्यावर धूळ बसून काळा चिकटा तयार होतो आणि तो काढताना जुने पॉलिशही जाते. झाकणावरच्या शाईच्या डागामुळे आपण अस्वस्थ झालेले दिसता. तो राहू द्यावा. शाईचा डाग नसलेल्या जुन्या डेस्काकडे मी स्वतः जरा संशयानेच पाहतो.

आता ही वस्तू काय आहे ते पाहू. गादीवर मांडी घालून, समोर ठेवून लिहिण्याचे हे कारकुनी डेस्क आहे. गुजराती व्यापारी त्याला ढाळियुं म्हणतात. पेढीवरचे मुनीम, कचेरीतले कारकून, वकील, शाळामास्तर अशा सर्वांकडे ते असे, आणि बडोदे संस्थानचा कारभार ज्या प्रमाणात कागदावर चाले ते पाहता या शहरात अशी डेस्के किती बनली असतील याची कल्पना करता येते. त्यामुळे ते जुने आहे, पण दुर्मीळ नाही. लाकूड मला वलसाडकडच्या किंवा तत्सम चांगल्या सागाचे वाटते. वाडे पाडणारे लोक जुना साग घनफुटावर विकतात, त्यावरून काही जण डेस्काचीही किंमत लाकडावर काढतात. पण आपल्या मापांवरून पाऊण इंच जाडीच्या सर्व फळ्या आणि खण धरूनही यात पाऊण घनफुटाहून कमी लाकूड भरते. तेव्हा लाकडाची किंमत हा फक्त तळचा आकडा समजावा, त्याच्या खाली कोणी बोलला तर त्याला चहा पाजून निरोप द्यावा.

वय ठरवताना आपल्याकडे एक घोटाळा नेहमी होतो. विलायती सामानाविषयीच्या माहितीत असे सांगितलेले असते की फळ्यांची टोके बोटांत बोटे गुंतवावीत तशी अडकविणारा सांधा, ज्याला सुतार डव्हटेल म्हणतात, तो हाताने कापलेला, म्हणजे दाते कमीजास्त रुंदीचे, असेल तर वस्तू यंत्रयुगाच्या आधीची. तिकडे ते बऱ्याच अंशी खरे असेल. इकडे आजही हाताने डव्हटेल कापणारे सुतार आहेत, त्यामुळे या खुणेवरून वय कळत नाही, केवळ कारागिराचा हात किती बसलेला होता ते कळते. आपल्या डेस्काच्या मागच्या कोपऱ्यांवरचे दाते असमान पण घट्ट आहेत. कारागीर चांगला होता.

लोखंडाचे आणि पितळेचे सामान अधिक उपयोगी पडते, पण तेही एकाच दिशेने. टोकदार, यंत्रावर बनलेले स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंडात मोठ्या प्रमाणावर निघू लागले, त्यापूर्वीच्या स्क्रूचे टोक बोथट असे. डोक्यावर चौफुली खाच असलेला स्क्रू १९३० च्या दशकापासूनचा. म्हणजे स्क्रू आपल्याला ‘याच्या आधीचे नाही’ एवढेच सांगतो, आणि तेसुद्धा तो मुळापासून तिथेच असेल तर. आपल्या डाव्या बिजागरीला सरळ खाचेचे, डोके झिजलेले स्क्रू दिसतात. उजवी बिजागरी पत्र्याची असून तिला चौफुली स्क्रू आहेत, तेव्हा ती नंतर बसविलेली आहे. डाव्या बिजागरीचा एक स्क्रू हलक्या हाताने काढून पाहावा. तो टोकदार निघाला, आणि भोकाभोवती दुसऱ्या जुन्या भोकांच्या खुणा नसल्या, तर डेस्क १८५० च्या पुढचे धरायला हरकत नाही.

मला सर्वांत जास्त भरवसा लाकडाच्या आकसण्यावर वाटतो. फळी लांबीत जवळजवळ आकसत नाही, रुंदीत आकसते. आपल्या झाकणाची मोठी फळी लांबीने आडवी आहे आणि तिच्या दोन्ही टोकांना उभ्या कडपट्ट्या आहेत. बनविताना तिन्ही कडा एका रेषेत रंध्याने साफ केलेल्या असणार. चौथ्या छायाचित्रात मात्र पट्ट्या फळीच्या पुढे साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, बाहेर आलेल्या दिसतात. हे खोटे करणे अवघड असते आणि कोणी करण्याच्या भानगडीतही पडत नाही. मधल्या खणाचा तळ प्लायवूडचा आहे, म्हणजे तोही बदललेला. हे सगळे मिळून माझा अंदाज १८९० ते १९२५ असा आहे. याहून नेमके साल केवळ छायाचित्रे पाहून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

कीड आणि पाणी या दोन गोष्टी गिऱ्हाईक पाहतोच. सागाच्या गाभ्याला भुंगा सहसा लागत नाही, पण कडेच्या पांढरट लाकडाला लागतो, आणि आपल्या डेस्काच्या मागच्या फळीला खालच्या बाजूस तशी पांढरी कड आहे, तिथेच बारीक भोके दिसतात. जुनी भोके आणि जिवंत कीड यांत फरक आहे: डेस्काखाली काळा कागद पसरून पंधरा दिवस हलवू नये, कागदावर पिठासारखी ताजी भुकटी पडली तर कीड चालू आहे आणि आधी तिचा बंदोबस्त करावा लागेल, न पडली तर विक्रीच्या वेळी तेवढे स्पष्ट सांगावे. पाण्याबद्दल लिहायचे तर जुलै २०१९ च्या अखेरीस आणि पुन्हा ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरल्यानंतर इथल्या बाजारात भिजलेले सामान बरेच आले, आणि तेव्हापासून बाहेरगावचे व्यापारी वडोदऱ्याची वस्तू म्हटली की तळाला पाण्याची रेघ शोधतात. आपले डेस्क माळ्यावर होते हे चांगले झाले. तळाचा स्वच्छ फोटो काढून तो सर्वांत आधी दाखवावा.

एका गोष्टीत मात्र घाई करू नये. कुलपाच्या भोकाभोवती पांढरी, बदामी आकाराची चकती आहे. ती हाडाची असेल तर काही अडचण नाही, हस्तिदंताची असेल तर डेस्क त्या चकतीसह विकता येणार नाही, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्त्यांनुसार भारतीय हस्तिदंताचा व्यापार १९८६ पासून आणि आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचा १९९१ पासून बंद आहे. वस्तू आजोबांची आहे म्हणून सूट मिळत नाही. भिंगातून पाहिल्यावर हाडात बारीक काळपट ठिपके किंवा तुटक रेषा दिसतात, त्या मूळच्या रक्तवाहिन्यांच्या जागा असतात. हस्तिदंतात तसे ठिपके नसतात, आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. छायाचित्रात मला ठिपके दिसल्यासारखे वाटतात, पण भिंगाने पाहून खात्री करावी. तापलेली सुई टोचून पाहण्याची बाजारातली जुनी पद्धत आहे, ती करू नये, वस्तू डागते. शंका उरली तर वनविभागाला विचारावे.

चुलतबंधूंच्या म्हणण्याला मी हसत नाही. प्रत्येक घरात असा एक माणूस असतो, आणि क्वचित त्याचे खरेही निघते. पण ‘राजवाड्यातले’ हा शब्द या शहरात इतका वापरला गेला आहे की कागद नसेल तर त्याने किंमत वाढत नाही, उलट गिऱ्हाईक बाकीच्या बोलण्यावरही शंका घेऊ लागतो. मागच्या फळीवर पांढऱ्या तेलरंगातला आकडा आहे, त्यावरून एवढेच म्हणता येते की ते कधीतरी एखाद्या संस्थेच्या किंवा कचेरीच्या सामानाच्या मोजदादीत होते. आपले आजोबा हुजूर कचेरीत, म्हणजे संस्थानच्या मुख्य कचेरीत, होते आणि १९४९ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत तिथेच होते असे आपण लिहिता, तेव्हा कचेरीचे जुने सामान काढून टाकताना ते घरी आले असण्याचा संभव मला राजवाड्यापेक्षा जास्त वाटतो.

कलाभवनात बनले असावे, अशी दुसरी शंका आपण घेतली आहे. महाराजा सयाजीराव तिसरे यांनी १८९० मध्ये काढलेल्या आणि प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी उभ्या केलेल्या त्या संस्थेत सुतारकाम शिकवीत असत हे खरे, परंतु शिक्का किंवा चिठ्ठी मिळाल्याशिवाय ते नाव जोडू नये. आणि ते संखेड्याचे तर नक्कीच नाही. संखेड्याचे काम खराद्याच्या चरकावर कातलेले, लाखेच्या रंगांचे आणि कथलाच्या झळाळीचे असते, आपल्या डेस्कात एकही कातीव भाग नाही.

त्याऐवजी आपण एक साधी गोष्ट करावी. आजोबा या डेस्कावर लिहीत बसले आहेत असा एखादा फोटो जुन्या अल्बममध्ये आहे का ते पाहावे, आणि नसला तरी आजोबांचे काम, घर कोणत्या पेठेत होते, डेस्क किती पिढ्या घरात आहे, एवढी माहिती एका पानावर लिहून खाली सही करावी. या एका पानाने किंमत दुप्पट होत नाही. पण दोन सारखी डेस्के समोर असतील तर गिऱ्हाईक पान असलेले नेतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

आता पैशाचे. व्यापाऱ्याने फसविले असे आपल्याला वाटते, म्हणून त्याचा हिशेब मांडून दाखवितो. तो हे डेस्क मुंबईत २०,००० सांगेल आणि घासाघीस होऊन १७,००० च्या आसपास देईल. डाव्यासारखी पितळी बिजागरी शोधून बसविणे, खणाचा तळ जुन्या सागाचा करणे, किल्ली बनविणे, सफाई यांत त्याचे २,५०० जातील, बांधणी आणि सुमारे ४०० किलोमीटरची वाहतूक यांत आणखी १,५००. उरले १३,०००. त्यातून आपल्याला दिलेले ७,००० वजा केले तर ६,००० राहतात, आणि त्यासाठी त्याचे पैसे कदाचित वर्षभर अडकून राहतात, दुकानाचे भाडे चालू राहते, शिवाय दहांतले दोन-तीन नग पडूनच राहतात. म्हणून ७,००० हा कमी आहे, पण लबाडीचा नाही. त्याच व्यापाऱ्याने ९,००० पर्यंत यावे असे मला वाटते. आपण थेट वापरणाऱ्याला विकले आणि वाट पाहण्याची तयारी ठेवली, तर दुरुस्ती न करता १३,००० ते १५,००० मिळू शकतील. हे माझे मत आहे, आणि ते डेस्क प्रत्यक्ष न पाहता दिलेले आहे; उलटे करून पाहिल्यावर त्यात दोन हजारांचा फरक सहज पडेल. लाखाच्या घरात जाणारी लहान डेस्के मी पाहिली आहेत, पण ती वेगळी असतात: नामांकित कारखान्याची खूण असलेली, किंवा सुरतेच्या साडेली कामाची, म्हणजे बारीक तुकड्यांच्या जडावकामाची, आणि साडेलीत बहुधा हस्तिदंतच असल्यामुळे त्यांचा मार्ग आता वर सांगितलेल्या कायद्याने बंद झालेला आहे.

दुरुस्ती आपण स्वतः करू नये. बिजागरी बदलल्याने आपल्याला जे वाढवून मिळेल ते खर्चाएवढेच असते, आणि चुकीची बिजागरी बसली तर आणखी चार भोके पडतात. किल्लीपुरता अपवाद करावा: कुलूप न काढता जागेवरच किल्ली बनवून देणारा जुना कारागीर मिळाला तर बनवून घ्यावी, कारण चालणारे मूळ कुलूप दाखविता आले की बोलणे सोपे जाते. कुलूपच काढून नवे बसवितो असे कोणी म्हटले तर डेस्क उचलून घरी आणावे.

विकावे कोठे, याचे उत्तर आपल्याला किती घाई आहे यावर आहे. घर महिनाभरात द्यायचे असेल तर तीन व्यापाऱ्यांना वेगवेगळ्या दिवशी बोलवावे, आपला आकडा आधी सांगू नये, आणि ‘आहे असे, आज रोख, तुम्हीच उचलून न्यायचे’ या अटीवर भाव विचारावा. घाई नसेल तर इथलेच घरगुती गिऱ्हाईक उत्तम. घरांची आतील सजावट करणारे वास्तुरचनाकार आणि इथल्या विद्यापीठाच्या ललितकला शाखेच्या परिसरातील चित्रकार मंडळी अशी डेस्के आवर्जून घेतात. जमिनीवर बसून काम करणाऱ्याला ती अजूनही सोयीची पडतात, आणि अलीकडे लॅपटॉपसाठीही नेतात, ज्याचे मला पूर्वी वाईट वाटे, आता वाटत नाही, कारण वापरात असलेले लाकूड टिकते. मुंबईत ओशिवरा-जोगेश्वरीचा फर्निचर बाजार आणि चोरबाजारातील मटन स्ट्रीट ही ठिकाणे प्रसिद्ध आहेत, पण एका डेस्कासाठी तिथे जाणे परवडत नाही, तिथला व्यापारी आपल्याला इथल्या व्यापाऱ्याएवढाच भाव देईल आणि वाहतूक आपल्या अंगावर पडेल. लिलावगृहांचा विचार सोडावा, हा त्यांचा माल नाही. ऑनलाइन जाहिरात द्यायची असल्यास दिवसाच्या उजेडात तळ, पाठ, खणांचे सांधे आणि बदललेली बिजागरी यांचे फोटो आधी टाकावेत. दोष आधी दाखविला की भाव कमी होतो तो एकदाच होतो, माल पोहोचल्यावर होत नाही.

अमेरिकेतील भाचीने मागितले तर पाठवू का, असेही आपण शेवटी विचारले आहे. १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यात शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू पुरावशेषात मोडू शकते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. माझ्या अंदाजाप्रमाणे आपले डेस्क शंभर वर्षांहून जुने असण्याचा संभव आहे. तेव्हा पाठविण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ते पुरावशेष नसल्याचा दाखला घ्यावा, तो मिळाला नाही तर विषय तिथेच संपला. ‘जुने फर्निचर’ एवढेच लिहून पाठवून देतो म्हणणाऱ्या मालवाहतूकदाराच्या नादी लागू नये.

पावसाळ्यात विकू नये, हेही सांगून ठेवतो. लाकूड फुगते, खण अडकतात, आणि गिऱ्हाइकाला वाटते की डेस्क वाकडे आहे. नवरात्रानंतर हवा कोरडी होते, दिवाळीच्या आसपास लोक घरासाठी खरेदीही करतात. तोवर डेस्क भिंतीपासून वीतभर दूर, दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवावे आणि वर सुती चादर घालावी. प्लॅस्टिक गुंडाळू नये.

आणि देण्यापूर्वी तिन्ही खण पूर्ण बाहेर काढावेत. आत मोडी लिपीतली कागदपत्रे असतील तर ती डेस्काबरोबर देऊ नयेत, वेगळी ठेवून मोडी वाचणाऱ्याला दाखवावीत. सहाव्या छायाचित्रात उजवा खण बाकीच्या दोघांपेक्षा दोन बोटे आखूड दिसतो. त्याच्या मागे चोरकप्पा असण्याचा संभव आहे. अशा डेस्कांत मागची पट्टी वर सरकते किंवा बाजूच्या खणाच्या पोकळीतून बोटाने ढकलता येते. मोजपट्टी घालून तिन्ही पोकळ्यांची खोली मोजावी, जोर करू नये, स्क्रूड्रायव्हर घालू नये. मला आजवर अशा कप्प्यांतून एक वाळलेली सुपारी, बोरूचे तुकडे आणि एकदा कुणाच्या तरी फीची १९३१ सालची पावती एवढेच मिळाले आहे, पण कप्पा चालू स्थितीत असेल तर डेस्काच्या किमतीत हजार-दीड हजार नक्की वाढतील. मापे कळवावीत, पट्टी कोणत्या बाजूने सरकेल ते त्यावरून सांगता येईल.